डोंगरावरची ओपीडी

"कितवं?"

पोट पुढे आलेली एखादी घोडी दिसली की काकूंचा पहिला प्रश्न हाच. खांद्यावर बंदूक, डोक्यावर उन्हाची टोपी, पायात जाड बूट आणि आवाज मात्र दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा. घोडी अर्थातच उत्तर द्यायची नाही. मग काकू चष्मा वर सरकवून तिला जरा वेळ न्याहाळायच्या आणि स्वतःच सांगून टाकायच्या, "चौथं तरी असेल. कंबर पाहा ना तिची. बास झालं आता, बाई."

काकू मूळच्या नागपूरच्या. पन्नासेक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या आणि मिशिगनमध्ये ट्रॉयला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून आख्खी कारकीर्द काढली. निवृत्तीनंतर काकांच्या सांध्यांना तिथला बर्फ सोसेना, म्हणून दोघं नेवाडाच्या कोरड्या हवेत आले. काका लवकरच गेले. मुलगा दूर, बर्फाच्याच मुलखात, नेपरव्हिलला. तो फोनवर म्हणायचा, "आई, तिथे एकटीनं काय करतेस? मूव्ह कर ना इकडे." काकू म्हणायच्या, "माझे पेशंट आहेत इथे."

हे पेशंट म्हणजे घोड्या. आयुष्यभर बायकांची बाळंतपणं केलेल्या ह्या बाईंनी सत्तरीत बंदूक हाती घेतली, ती शिंगरं जरा कमी जन्मावीत म्हणून.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती कोपऱ्यात बसतात, आपण त्यांच्या पाया पडतो, प्लेट आणून देतो आणि विसरतो. मला काकूंना विसरता येत नाही, कारण त्यांचं काम माझ्यामुळे बंद पडलं. हे शेवटासाठी राखून ठेवण्यात काही अर्थ नाही, म्हणून आताच सांगितलं.

आमच्या शहराच्या पूर्वेला उघडेबोडके डोंगर आहेत. कमरेएवढी करडी झुडपं, दगड, मध्येच एखादा झरा, आणि त्यात मोकळे फिरणारे घोडे. इथल्या बऱ्याचशा रानघोड्यांवर केंद्र सरकारची देखरेख असते. आमच्या डोंगरावरचे मात्र राज्याकडे आहेत. राज्याच्या कायद्यात ते रानटी नाहीतच. कधीकाळी कुणाच्या तरी तबेल्यातून सुटलेली, मालक नसलेली मोकाट जनावरं, अशी त्यांची नोंद. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा काकू खूप हसल्या होत्या. "मोकाट? चालेल, चालेल. माझ्या सासूबाई मला तेच म्हणायच्या."

हे घोडे ज्या खात्याकडे येतात त्या खात्यात मी नोकरीला आहे. माझं काम नकाशांचं. कळप कुठे दिसला, पाणी कुठे आटलं, घोडा रस्त्यावर कुठे आला, हे सगळं मी नकाशावर मांडतो. घोड्यांशी माझा संबंध बरीच वर्षं ठिपक्यांपुरता होता.

डोंगरावर चारा थोडा आणि घोडे दर वर्षी वाढणारे. फार वाढले की खातं त्यांना सापळा लावून पकडतं. मग कुंपणाच्या वाड्यात ठेवायचं, लिलाव करायचा, दत्तक द्यायचे. हे टाळायचा एक मार्ग म्हणजे घोडीला गर्भ राहू नये म्हणून लस देणं. आता मोकळी घोडी काही रांगेत उभी राहत नाही. म्हणून लस भरलेली सुई हवेच्या बंदुकीनं तिच्या पुठ्ठ्यावर मारायची. हे काम आमच्याकडे स्वयंसेवकांचे गट करतात आणि त्यांना परवानगी खातं देतं. अटी सरळ आहेत. घोड्याला हात लावायचा नाही, खायला काही घालायचं नाही, मारलेली सुई सापडल्याशिवाय जागा सोडायची नाही.

काकू अशा एका गटाच्या प्रमुख होत्या. पहिल्यांदा भेटल्या त्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात. मी नाव सांगून नकाशा दाखवायला नुकती सुरुवात केली होती, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "काहून रे, मराठी का तू?" मी हो म्हटलं. "मग हा झरा चुकीच्या जागी काहून दाखवून राहिलास?" झरा खरंच चुकला होता. बाकीच्यांना काही कळलं नाही, पण आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवरून अंदाज आला असावा.

त्यानंतर शनिवारी-रविवारी मी कधीकधी त्यांच्याबरोबर डोंगरावर जाऊ लागलो. सोबत म्हणून म्हणायचं, पण खरं तर घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगी कॉलेजला गेली होती आणि बायको आठवडाभर शेजारच्या राज्यात, फ्रीमाँटच्या ऑफिसात असायची. माझं कोणाशी फारसं बोलणं होत नसे. काकूंना बोलणारा माणूस लागतच नसे, त्या घोड्यांशी बोलायच्या.

गटातल्या बाकीच्यांनी घोड्यांना 'सनशाइन', 'डेझी' अशी नावं ठेवली होती. काकूंच्या घोड्यांना नागपूरच्या वस्त्यांची नावं: धंतोली, सीताबर्डी, महाल, धरमपेठ. "धरमपेठ आठ दिवस दिसली नाही रे. तुझ्या नकाशात बघ." आणि मी, राज्य सरकारचा पगारी नोकर, नकाशात धरमपेठ शोधायचो. कपाळावरची खूण, कानाची चीर, पायाचा पांढरेपणा यावरून त्या प्रत्येकीला लांबून ओळखायच्या. लस एकीला दोनदा गेली आणि दुसरीला गेलीच नाही, असं त्यांच्या गटात होत नसे.

बंदूक उचलायच्या आधी त्या हातातल्या दोन बांगड्या काढून माझ्याकडे द्यायच्या. वाजतात म्हणून. मग श्वास रोखून वाट बघणं. फट् असा आवाज, घोडी दचकून चार उड्या मारणार, मग वळून आपल्याकडे अशी बघणार की हा काय आगाऊपणा. "झालं, झालं," काकू म्हणायच्या. "मुंगी चावली असं समज."

यानंतर सुईचा शोध. सुई आपोआप गळून पडते आणि झुडपात हरवते. एकदा आम्ही भर उन्हात खूप वेळ शोधत होतो. मी वैतागून म्हटलं, "काकू, एका सुईनं काय होतंय? एवढा मोठा डोंगर आहे."

"पोट शिवायच्या आधी आम्ही आतले बोळे मोजतो," त्या झुडपातूनच म्हणाल्या. "एक कमी असेल तर पोट शिवत नाही. एवढं मोठं पोट आहे, एका बोळ्यानं काय होतंय, असं तुझ्या बायकोच्या वेळी चाललं असतं का?"

मी परत वाकलो. सुई माझ्याच बुटाखाली होती.

गणपतीत मंडळाच्या जेवणाला एका गृहस्थांनी त्यांना गाठलं. "काकू, राग मानू नका. पण मुक्या जिवांना हे असलं करणं म्हणजे निसर्गात ढवळाढवळ नाही का?"

काकू कढी पीत होत्या. वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "जन्मभर मी बायकांना हेच सांगत आले, की आता पुरे कर. त्या म्हणायच्या, 'यांना विचारून सांगते.' घोडी तसं म्हणत नाही, एवढाच फरक."

गृहस्थांच्या बायकोला ठसका लागला.

त्या असं हसतखेळत बोलायच्या, पण एकदा घोडे पकडताना त्या हजर होत्या. त्याबद्दल मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "इथे कमी जन्मले तर कोणाला उचलून न्यावं लागत नाही. बाकी मला काही येत नाही रे." विषय संपला.

आता माझं.

त्या वर्षी दसऱ्याला फ्रीमाँटहून बायकोच्या ऑफिसातली तीन मराठी कुटुंबं आमच्याकडे राहायला आली. सगळे आयटीतले, पुण्या-मुंबईचे. कोणीतरी म्हणालं, "यार, दसऱ्याला घोड्याची पूजा असते ना? आणि तुझ्याकडे तर आख्खे घोडे फिरतायत! चल ना, घेऊन चल." कोणीतरी लगेच हरभरे भिजत घातले. भारतीय दुकानातून गूळ आणला, झेंडूची फुलं आणली. पोरं कुरकुरली, "डॅड, इज धिस अलाउड?" बाप माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका गव्हर्न्मेंटमध्ये आहेत, बेटा."

हे वाक्य ऐकून मी नाही म्हणायला हवं होतं. मला बरं वाटलं.

मी त्यांना रस्त्याच्या कडेला एका मोकळ्या जागी नेलं. जवळच इतवारीचा कळप चरत होता. इतवारी म्हणजे काकूंची लाडकी, तांबूस, डाव्या कानाला चीर असलेली. ती कुतूहलानं पुढे आली. बायकांनी लांबूनच फुलं उधळली. मी ताट पुढे केलं. तिनं आधी फुरफुरून गूळ उडवला, मग ओठांनी चाचपला, आणि मग ताट चाटून स्वच्छ केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. माझ्या तळहाताला तिच्या ओठांचा स्पर्श झाला, तो मऊ होता, कल्पनेपेक्षा खूपच मऊ.

पाहुणे रविवारी गेले. पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो, डब्यात गूळ-हरभरे घेऊन. काकूंना सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेलो. पूर्ण हिवाळाभर जात राहिलो. माझ्या गाडीचा आवाज ती ओळखू लागली, उतारावरून धावत यायची. मी एकटा पडलो होतो म्हणून असं केलं, असं म्हणता येईल. कोणी विचारलं तर तसं म्हणायचं ठरवूनही ठेवलं होतं. पण खरं म्हणजे मला मजा येत होती. खात्यातल्या कुठल्याही माणसाकडे घोडी धावत येत नव्हती, माझ्याकडे येत होती.

वसंतात ती सगळ्याच गाड्यांकडे जाऊ लागली.

आधी लोक थांबून फोटो काढायचे. मग एका सकाळी ती कळपासकट रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एका ट्रकवाल्यानं तिला चुकवायला गाडी वळवली आणि तो कठड्यावर आदळला. माणूस वाचला. इतवारीच्या मागचा नर घोडा मात्र ट्रकचा धक्का लागून पाय मोडून पडला आणि त्याला तिथेच गोळी घालावी लागली.

खात्यात बैठक झाली. मी नकाशा लावला. रस्त्याच्या त्या वळणावर ठिपक्यांची गर्दी झाली होती. आमचे साहेब शांत स्वभावाचे, घोड्यांतच वाढलेले. ते म्हणाले, "हिला कोणीतरी सवय लावली आहे. आता ही डोंगरावर राहू शकत नाही. आणि त्या भागात रोज जाणारा गट एकच आहे." सगळ्यांनी नकाशाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

चौकशी संपेपर्यंत काकूंच्या गटाचं काम थांबवण्यात आलं. ते दिवस नेमके लस देण्याचे होते.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्या ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बुटांचा चिखल खरवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्या थांबल्या नाहीत, बूट घासतच राहिल्या.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"दर आठवड्याला?"

"हो."

"काय दिलंस?"

"गूळ आणि भिजवलेले हरभरे."

"किती?"

"डबाभर."

"पोट दुखलं असेल तिचं," त्या म्हणाल्या. मग दुसराही बूट घासून काढला. शेवटी बूट बाजूला ठेवला. "उद्या ऑफिसात सांगशील?"

"बघतो, काकू. नोकरीचा प्रश्न आहे. मुलीची फी..."

"बघतो म्हणणारे नवरे मी खूप पाहिले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

जाताना मी विचारलं, "तुम्ही सांगाल साहेबांना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अश्लील बोललो होतो. "तू माझ्याकडे येऊन सांगितलंस ना? पेशंटनं सांगितलेलं मी बाहेर बोलत नाही. पन्नास वर्षं बोलले नाही, आता काय बोलू?"

मी गाडीत बसलो, आणि माझ्या सुटकेचा श्वास मला स्वतःला ऐकू आला.

चौकशीत साहेबांनी प्रत्येकाला विचारलं. बाकीचे म्हणाले, माहीत नाही. खोटं नव्हतं ते. काकूंची पाळी आली. मी नकाशाच्या संगणकापाशी बसलो होतो.

"डॉक, घोडीला कोण खायला घालत होतं, तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"कोण?"

"सांगणार नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना ह्या बाई आवडायच्या. "तुमच्या गटातलं कोणी?"

"नाही."

"मग सांगायला काय हरकत आहे? डॉक, असं केलंत तर मला दुसरा मार्ग राहत नाही."

"मलाही नाही," काकू म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. एकदा जरी पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत होतो. म्हणजे तोही दोष त्यांच्याच माथी मारत होतो.

परवानगी रद्द झाली. काकूंनी साहेबांना सुचवलं, "हवं तर मला एकटीला काढा आणि गट चालू ठेवा." पण त्या घोड्या एकमेकींपासून काकूंइतक्या खात्रीनं वेगळ्या ओळखणारं दुसरं कोणी गटात नव्हतं. तो हंगाम तसाच गेला.

इतवारीला पकडायला लोखंडी जाळ्यांचं कुंपण उभारलं, आत गवत टाकलं. पकडणारी माणसं सकाळपासून दबून बसली होती. इतवारी गवताकडे ढुंकून बघेना, लांब टेकाडावर उभी. जागा दाखवायला म्हणून मला बोलावलं होतं. मी गाडी घेऊन पोचलो आणि तिनं कान टवकारले. उतारावरून धावत आली, कुंपणातून पलीकडे काढलेल्या माझ्या गाडीमागे चालत चालत आत गेली. पुढचं-मागचं फाटक बंद झालं.

साहेब माझ्या काचेपाशी आले. "तुझी गाडी आवडलेली दिसते तिला," म्हणाले. मी चावी फिरवून गाडी बंद केली. ते तसेच निघून गेले.

इतवारीला दूरच्या राज्यातल्या एका माणसानं दत्तक घेतलं. त्यापलीकडचं मला माहीत नाही.

उन्हाळ्यात काकू नेपरव्हिलला गेल्या. सामान बांधायला मी गेलो होतो. त्यांनी मला कामाला लावलं, खोकी उचलायला लावली, चहा दिला. विषय काढला नाही. मुलगा म्हणाला, "थँक गॉड, आईनं एकदाचं ऐकलं." मी म्हटलं, "हो ना."

त्या तिकडे गेल्यावर दोन महिन्यांनी मी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मी वाट बघत होतो," म्हणाले. दंड झाला, काही आठवडे बिनपगारी घरी बसलो, बढती गेली. नोकरी राहिली. गटाची परवानगी परत मिळाली आणि साहेबांनी काकूंना स्वतः फोन करून माफी मागितली.

मीही फोन केला. काकू म्हणाल्या, "बरं केलंस." मग लगेच, "महालला सुई मारताना उजव्या बाजूनं जायला सांग त्यांना. डावीकडून बिचकते ती."

"काकू, तुम्ही परत येता का? आता काही अडचण नाही."

"खांदा गेला रे माझा. बंदूक उचलत नाही." पलीकडे नातवाला त्या मराठीत काहीतरी विचारत होत्या आणि तो इंग्रजीत उत्तर देत होता. "आणि इथे बर्फ पडून राहिलाय. घोडं नाही, काही नाही."

त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. झोपेतच. मुलानं मंडळाच्या ग्रुपवर कळवलं, आणि खाली नमस्काराचे हात जमत गेले. मीही एक नमस्कार टाकला.

लस चुकलेल्या हंगामाचा परिणाम घोड्यांमध्ये लगेच दिसत नाही. घोडी अकरा महिने गाभण असते. तो परिणाम काकू गेल्यानंतरच्या वसंतात दिसला. डोंगर शिंगरांनी भरून गेला. लांब काटकुळे पाय, कुरळ्या छोट्या शेपट्या, आईभोवती उगाचच धावणं. शहरातले लोक मुलाबाळांना घेऊन बघायला येऊ लागले. वर्तमानपत्रात पानभर फोटो आले. "व्हॉट अ ब्यूटिफुल स्प्रिंग," आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या. खात्यात मात्र सापळा लावायची बोलणी सुरू झाली आहेत. एवढ्यांना पुरेल इतका चारा नाही.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. काचा बंद ठेवून, डबा न घेता. धंतोलीचं शिंगरू असावं, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. मला आता नीट ओळखता येत नाहीत. ते कळपातून निघालं आणि सरळ गाडीकडे यायला लागलं. त्याला कोणी काही दिलं नव्हतं, दिलेलं त्यानं पाहिलंही नव्हतं. नुसतंच आलं. काचेपाशी येऊन त्यानं मान वाकडी केली.

मी हॉर्न दाबला. ते चार पायांवर एकदम उडालं, पडलं, उठलं, लांब जाऊन थरथरत उभं राहिलं. मग परत दोन पावलं पुढे आलं. मी पुन्हा दाबला. मागच्या गाडीतली एक बाई खाली उतरून माझ्यावर ओरडायला लागली, लाज नाही वाटत का, पिल्लू आहे ते. शिंगरू आईच्या पोटाखाली जाईपर्यंत मी हॉर्नवरचा हात काढला नाही.